पुसले म्हणजे गेले नाही, ठेवले म्हणजे राहिले नाही

व्यापारी घराण्यांत वही ही केवळ हिशेबाची जागा कधीच नव्हती. दिवाळीत तिचे पूजन होते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि ‘शुभ-लाभ’ उमटते, आणि मग वर्षभर मुनीम तिच्यात खाडाखोड न करता लिहीत राहतो. रक्कम चुकून पडली तर ती खरवडून काढण्याची रीत नाही. आडवी रेघ मारून शेजारी बरोबर रक्कम लिहावयाची, किंवा उलट नोंद घालून जमा-नावे जुळवावयाचे. चूकही दिसावी आणि दुरुस्तीही दिसावी, हा त्या रीतीचा अर्थ. आजच्या कायद्यानेही हीच रीत उचलली आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमावलीतील नियम ५६ सांगतो की हिशेबातील नोंद खोडू, पुसू किंवा झाकू नये. आणि हिशेब संगणकावर असतील तर बदललेल्या व काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची स्वतंत्र नोंद राहावी. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून असा मागोवा ठेवणारीच हिशेब-प्रणाली वापरणे बंधनकारक झाले आहे.

बारामतीच्या मार्केट यार्डातील आडत असो, इंदापुरातील कापडाचे दुकान असो किंवा निमगाव केतकीच्या पानमळ्यांशी व्यवहार करणारी पेढी असो, वही आता गल्ल्याशेजारच्या किंवा घरातील संगणकात गेली आहे. त्याच संगणकात मुलांचे निकाल आहेत, लग्नाची छायाचित्रे आहेत, जमिनीचे उतारे आहेत. वहीचे पान फाडावयाचे तर हात थबकतो. संगणकावर मात्र एक कळ दाबली की वर्षाचे वर्ष दिसेनासे होते. त्या कळीने नेमके काय होते आणि काय होत नाही, हे घरातील किमान दोन माणसांना तरी ठाऊक असणे हितावह आहे.

गोदामाची नोंदवही

संगणकाची हार्ड डिस्क म्हणजे भुसार मालाचे गोदाम समजावे. आत पोत्यांच्या थप्प्या, आणि दाराशी एक नोंदवही : कोणत्या थप्पीवर कोणाचा माल. विंडोजमध्ये या नोंदवहीला ‘मास्टर फाइल टेबल’ असे नाव आहे. एखादी फाइल उघडली की संगणक आधी ही नोंदवही पाहतो आणि मग थप्पीकडे जातो. एकाच फाइलचा माल चार ठिकाणच्या थप्प्यांवर विखुरलेला असू शकतो. तो कोठे कोठे आहे हे नोंदवहीच सांगते.

फाइल डिलीट केली म्हणजे प्रथम ती ‘रिसायकल बिन’ या टोपलीत जाते. १९९५ च्या विंडोजपासून ही सोय आहे. वस्तुतः माल जागचा हलतही नाही. नोंदवहीत त्याचा पत्ता तेवढा बदलतो. टोपली रिकामी केली की नोंदीवर रेघ पडते आणि त्या थप्पीची जागा ‘मोकळी’ म्हणून लिहिली जाते. पोती मात्र तेथेच पडून असतात. नवा माल आला आणि तो नेमका त्याच जागी रचला गेला, तेव्हा जुना माल खऱ्या अर्थाने नाहीसा होतो. हे दोन तासांत घडेल किंवा दोन वर्षांतही घडणार नाही.

म्हणून ‘पुसले म्हणजे गेले’ हा पहिला गैरसमज. परंतु टोपलीवर विसंबून राहणे हा त्याचाच दुसरा भाग होय. शिफ्ट ही कळ धरून डिलीट केलेली फाइल टोपलीत जातच नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तीत सापडत नाही. दुकानातून घरच्या संगणकावरील सामायिक फोल्डर उघडून तेथे काही पुसले, तर तेही थेट जाते. टोपलीला ठरावीक माप असते. ती भरली की सर्वांत जुना माल आपोआप बाहेर पडतो. ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय चालू असेल, तर मुद्दाम बदल न केल्यास ३० दिवसांहून जुन्या वस्तू टोपलीतून काढल्या जातात.

आणखी एक सापळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जागा मोकळी करण्याच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे नाव येते. अनेक घरांत जीएसटीच्या पोर्टलवरून उतरवलेली विवरणपत्रे, बँकेचे उतारे, ई-वे बिले याच फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात. त्या चौकोनात खूण करून ‘साफ करा’ म्हटले की कचऱ्याबरोबर दस्तऐवजही जातात.

हात आवरणे हाच पहिला उपाय

समजा, मार्चअखेरीची धावपळ आहे. संगणक मंद चालतो म्हणून धाकट्या पुतण्याने ‘जुने’ या नावाचा फोल्डर पुसला आणि टोपलीही रिकामी केली. संध्याकाळी काकांच्या लक्षात आले की मागील वर्षाच्या खरेदीची सर्व बिले त्यातच होती. अशा वेळी घरात पहिल्या दहा मिनिटांत जे घडते, त्यावर पुढचे सारे अवलंबून असते.

बहुधा घडते ते असे : आरडाओरड, मग इंटरनेटवर शोध, मग मिळेल तो ‘रिकव्हरी’ प्रोग्राम उतरवून त्याच संगणकावर बसवणे. मोकळ्या लिहिलेल्या थप्पीवर नवा माल रचण्याचाच हा प्रकार. ज्या पोत्यांचा शोध घ्यावयाचा, त्यांच्यावरच शोधणाऱ्याने आपले सामान ठेवले. नुसता चालू असलेला संगणकही स्वस्थ बसत नाही. विंडोजची अद्ययावतने, ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली हे सर्व मोकळ्या जागेत लिहिले जात असते.

योग्य क्रम साधा आहे. टोपलीत एकदा पाहावे. तेथे नसेल तर त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नये. फाइल सी भागातील, म्हणजे विंडोज ज्या भागात आहे तेथील असेल, तर संगणक बंदच करावा. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि शोध तेथून घ्यावा. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर न उतरवता दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. यासाठी मोफत साधने आहेत : ‘फोटोरेक’ व तिची जोडीदार ‘टेस्टडिस्क’, ‘रेकुव्हा’, आणि मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये दिलेली ‘विंडोज फाइल रिकव्हरी’, जी आज्ञा टंकून चालवावी लागते. फोटोरेकने मिळालेल्या फाइलींना मूळ नावे नसतात. हजारो फाइलींतून आपले बिल शोधण्याची चिकाटी ठेवावी लागते. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल तर यांपैकी काहीच न करता ती जाणकाराकडे द्यावी, कारण प्रत्येक वेळी चालू केल्याने तिचे नुकसान वाढते.

येथे जुन्या आणि नव्या डिस्कमधील भेद महत्त्वाचा ठरतो. जुनी हार्ड डिस्क फिरत्या तबकड्यांची. तिच्यात पुसलेला माल दीर्घकाळ पडून राहू शकतो. गेल्या काही वर्षांतील बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात ‘ट्रिम’ नावाची व्यवस्था आहे : नोंद खोडली गेली की विंडोज डिस्कला तसे कळवते आणि डिस्क स्वतःच ती जागा झाडून मोकळी करते. वेग त्यामुळेच मिळतो; पण पुसलेले परत मिळण्याची आशा कित्येकदा काही मिनिटांतच संपते. जुन्या संगणकावर एकदा फाइल परत मिळाली होती, म्हणून नव्यावरही मिळेल, हा हिशेब चुकीचा आहे.

आणि संगणक दुरुस्तीला देताना एक वाक्य स्पष्टपणे, शक्यतो लिहूनच द्यावे : ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, नवे विंडोज टाकू नये.’ दुरुस्ती करणाऱ्याचे काम संगणक चालू करून देणे हे असते. त्यातील वही वाचवणे हे त्याचे काम आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

एका छपराखालचे कप्पे

‘माय कॉम्प्युटर’ उघडले की सी, डी, ई अशी अक्षरे दिसतात. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखीव होती, म्हणून आरंभ सीपासून. ही अक्षरे वेगळ्या पेट्यांची आहेत असे अनेकांना वाटते. पुष्कळदा ती एकाच डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशन असतात : एकाच गोदामात फळ्या लावून केलेले दोन-तीन भाग, प्रत्येकाची नोंदवही वेगळी, छप्पर मात्र एक.

या कप्प्यांचा लाभ खरा आहे. विंडोज सी भागात राहते. विंडोज बिघडले आणि सी भाग पुसून ते नव्याने बसवावे लागले, तरी डी भाग शाबूत राहतो. परंतु वही डी भागात आहे की नाही, हे किती घरांत तपासलेले असते? डेस्कटॉपवर आणि ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवलेले सर्व काही मुळात सी भागातच असते. टॅली प्राइमही, बसवताना वेगळे न सांगितल्यास, आपली माहिती सी भागातच ठेवते. डी भाग मोकळा पडलेला आणि वर्षांचे हिशेब सीमध्ये, ही अवस्था विरळा नव्हे. हिशेबाच्या प्रणालीत माहितीच्या फोल्डरचा पत्ता पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते आजच करून घ्यावे.

कप्पे लहान-मोठे करण्यासाठी विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ हे साधन आहे. त्यात ‘श्रिंक’ने कप्पा आखडता येतो आणि सुटलेल्या जागेत नवा कप्पा करता येतो. ‘एक्स्टेंड’ने कप्पा वाढवता येतो, मात्र मोकळी जागा त्याच्या लगत उजवीकडे असेल तरच. सी भरला म्हणून डी आखडला, तर मोकळी जागा डीच्या पलीकडे निघते आणि ती सीला जोडता येत नाही. येथेच अधीर माणूस डी भाग पुसून टाकतो. कप्प्यांना हात लावण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर असलीच पाहिजे, आणि काम चालू असताना वीज जाणार नाही याची सोयही. फळी सरकवताना मध्येच दिवे गेले, तर कोणता माल कोणत्या भागात हेच गोंधळात पडते.

जुन्या ‘एमबीआर’ पद्धतीत चारच मुख्य कप्पे करता येतात आणि दोन टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही. नव्या ‘जीपीटी’ पद्धतीत विंडोजवर १२८ कप्प्यांपर्यंत मुभा आहे. घरगुती वापरास दोन पुरेत. त्या पटलावर काही लहान, बिननावाचे कप्पेही दिसतात. ते वाया गेलेली जागा नव्हेत : त्यांपैकी एकावरून संगणक चालू होतो, दुसऱ्यात दुरुस्तीची सामग्री असते. त्यांना हात लावू नये.

कधी एखादा कप्पा किंवा पेन ड्राइव्ह उघडताना ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ असा संदेश येतो. संगणकास त्या कप्प्याची नोंदवही वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. माल बहुधा आत असतो. तेथे ‘होय’ म्हणू नये. चुकून कप्पाच पुसला गेला, तरी प्रथम फक्त त्याच्या सीमांची नोंद जाते; टेस्टडिस्क ती बऱ्याचदा पुन्हा उभी करू शकते. फॉरमॅटचेही दोन प्रकार आहेत. ‘क्विक’ फॉरमॅट कोरी नोंदवही ठेवतो आणि पोत्यांना हात लावत नाही. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सबंध कप्पाभर शून्ये लिहितो. त्यानंतर काही उरत नाही.

दुसऱ्या गावची प्रत

कप्प्यांचा लाभ जितका खरा, तितकाच त्यांचा भ्रम घातक. ‘डी ड्राइव्हला कॉपी ठेवली आहे’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. डिस्कची यंत्रणा बिघडली, संगणक चोरीस गेला, विजेचा दाब वाढून जळाला, तर सी आणि डी एकदमच जातात. छप्पर कोसळल्यावर फळी कोणाचा माल वाचवणार? ठेवले म्हणजे राहिले, हा दुसरा गैरसमज तो हाच.

नियमावलीतील नियम ५७ याविषयी स्पष्ट आहे. हिशेब संगणकावर ठेवणाऱ्याने त्यांचा योग्य बॅकअप अशा रीतीने जपावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी ती माहिती वाजवी वेळेत पुन्हा उभी करता यावी. ‘संगणक बिघडला’ हे कारण त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

नैसर्गिक कारण म्हणजे काय, हे या परिसराला निराळे सांगावयास नको. मे २०२५ च्या अखेरीस बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला आणि घरांत पाणी शिरले. अवर्षणाची सवय असलेल्या भागात पाण्याची अशी तयारी कोणी ठेवलेली नसते. संगणक खालच्या खणात आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या कप्प्यात असेल, तर पाणी दोघांना एकाच वेळी गाठते.

प्रती किती आहेत याइतकेच त्या कोठे आहेत हेही महत्त्वाचे, याचे मोठे उदाहरण समाजाच्या इतिहासातच आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री या एकाच स्थानी जपल्या गेल्या. जपणूक निष्ठेची होती. पण कीड, आग, दमट हवा यांपैकी काहीही त्या एका स्थानी पोहोचते, तर ग्रंथच जगातून जाता. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काम सुरू झाले आणि ते अनेक वर्षे चालले. नकला इतर नगरांत पोहोचल्या, आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तो ग्रंथ अमरावतीहून छापून प्रसिद्ध होऊ लागला. याच हिराचंदांचे पुत्र वालचंद. त्यांच्या नावाचे वालचंदनगर इंदापूर तालुक्यात उभे आहे. ग्रंथ वाचला तो मजबूत कुलपामुळे, आणि दुसऱ्या गावी प्रत गेल्यामुळेही.

संगणकाच्या जगात हाच विचार ‘तीन-दोन-एक’ या सूत्राने सांगितला जातो. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने ते रूढ केले. माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत अन्य ठिकाणी. व्यापारी कुटुंबाला हे सूत्र फारसा खर्च न करता पाळता येते. मूळ प्रत संगणकात. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी काम होताच काढून कपाटात ठेवावयाची. सतत जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर विषाणूच्या तावडीत संगणकाबरोबरच सापडते. तिसरी प्रत दुसऱ्या गावी.

दुसरे गाव शोधण्यास फार लांब जावयास नको. बारामती आणि इंदापूर यांच्यात सुमारे पन्नास किलोमीटरचे अंतर आहे आणि दोन्हींकडच्या घराण्यांत लेकी-सुनांची देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बारामतीच्या पेढीची एक डिस्क इंदापूरच्या व्याह्यांच्या तिजोरीत आणि इंदापूरची बारामतीत, असा परस्परांचा ठेवा ठेवण्यास विश्वासापलीकडे काही लागत नाही. महिन्यातून एकदा जाणे-येणे होतेच. त्या फेरीत जुनी डिस्क आणावी, ताजी ठेवावी. अंतर बेताचे असल्याने मोठ्या पुरात दोन्ही गावे एकदम सापडू शकतात, हे मे २०२५ ने दाखवलेच. म्हणून ती डिस्क वरच्या मजल्यावर असावी, आणि पुण्या-मुंबईस मुलगा असेल तर वर्षअखेरीची एक प्रत तेथेही असावी.

डिस्क परक्या घरी जाणार म्हटल्यावर तिला कुलूप हवे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘बिटलॉकर’ आहे. ती नसल्यास ‘सेव्हन-झिप’ या मोफत साधनाने परवलीचा शब्द घालून फोल्डर बंद करता येतो. टॅलीतही ‘टॅलीव्हॉल्ट’ची सोय आहे. मात्र या तिन्हींत एक अट समान आहे : परवलीचा शब्द विसरला आणि दुसरी किल्लीही हाती नसेल, तर माहिती कायमची गेली. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ अनेकदा न विचारता संपूर्ण डिस्कलाच कुलूप घालते आणि त्याची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवते. ते खाते कोणाच्या नावे आहे, हे घरात कोणालाच आठवत नाही अशीही स्थिती असते. घरातील कर्ता पुरुष एकाएकी जातो, सुतक संपते, आणि मग मुलाला वा सुनेला कळते की उधारीची यादी कुलपात आहे आणि किल्ली गेलेल्याच्या स्मरणात होती. येणी कोणाकडे किती, हे सांगणारे दुसरे काहीच उरत नाही. परवलीचे शब्द आणि ती किल्ली कागदावर लिहून, पाकीट बंद करून, दागिन्यांच्या आणि खरेदीखतांच्या सोबत ठेवावे. ते कोठे आहे हे घरातील दोघांना माहीत असावे.

इंटरनेटवरील साठ्याविषयी एवढेच सांगणे पुरे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह संगणकाशी जुळते ठेवले असेल, तर ते आरशासारखे वागते : इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. गूगल ड्राइव्हच्या टोपलीत ती वस्तू ३० दिवस राहते, नंतर जाते. आरसा म्हणजे प्रत नव्हे. आणि प्रत घेतली म्हणून निश्चिंत होऊ नये. वर्षातून दोनदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या जुन्या महिन्याची शिल्लक जुळते का, ते पाहावे. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली रोकड.

खरोखर पुसणे

आता उलट बाजू. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि अनेक घरांतील जुने संगणक बदलण्याच्या वाटेवर लागले. जुना संगणक कोणी ओळखीच्यास देतो, कोणी बदल्यात दुकानदाराला, कोणी भंगारात. देण्यापूर्वी फाइली डिलीट केल्या, टोपली रिकामी केली, की घराला समाधान वाटते. पण पोती तेथेच आहेत. त्यांत कुटुंबाचे आधार व पॅन आहेत, बँकेचे उतारे आहेत, मुलीसुनांची छायाचित्रे आहेत, आणि ज्यांनी विश्वासाने आपली कागदपत्रे दिली त्या गिऱ्हाइकांचीही माहिती आहे. आपला माल दुसऱ्याच्या हाती पडला तर आपली हानी. गिऱ्हाइकाचा पडला तर तो विश्वासघात.

म्हणून संगणक हातचा जाण्यापूर्वी विंडोजच्या ‘रीसेट’मध्ये ‘सर्व काढा’ निवडून त्यातील ‘माहिती साफ करा’ ही सोय चालू करावी. तीत मोकळी जागाही पुसली जाते आणि काही तास लागतात. तबकड्यांच्या डिस्कवर पूर्ण फॉरमॅटही चालतो. एसएसडीसाठी तिच्या उत्पादकाने दिलेले ‘सिक्युअर इरेज’ वापरावे. जी डिस्क चालतच नाही, ती पुसताही येत नाही. तिला काढून गिरमिटाने आरपार छिद्रे पाडावीत आणि मगच भंगारात द्यावे. नाहीतर डिस्क काढून घरीच ठेवावी आणि उरलेला संगणक द्यावा. तिची किंमत तिच्यातील माहितीपेक्षा अधिक कधीच नसते.

मात्र पुसण्यापूर्वी मुदत पाहावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. २०२३-२४ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरावयाचे होते. म्हणजे त्या वर्षाचे हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यावर एक वर्षापर्यंत, किंवा वरील मुदतीपर्यंत, यांतील जे नंतर येईल ते. कंपनी असेल तर आठ आर्थिक वर्षे. जुनी हिशेब-प्रणाली नव्या संगणकावर चालत नसेल, तर खातेवही, दैनंदिनी आणि विवरणपत्रे पीडीएफ रूपातही काढून ठेवावीत, कारण सहा वर्षांनी फाइल असेल आणि ती उघडणारे साधन नसेल, असेही होते.

थोडक्यात क्रम असा ठरवावा : आधी प्रत, मग त्या प्रतीची तपासणी, मग मुदतीची खात्री, आणि शेवटी पुसणे. चोपडीपूजनाचा दिवस आणि ३१ मार्च, हे दोन दिवस या कामासाठी प्रत्येक घराने नेमून घ्यावेत. चोपडीपूजनाला कुंकवाचे बोट टेकवण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर वर्षाची प्रत उतरलेली असावी, आणि ती डिस्क पुढच्या फेरीत दुसऱ्या गावी निघालेली असावी.